वामन केंद्रे यांची उमेदवारी

बीड जिल्हा म्हटला म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांपुढें दुष्काळ उभा राहतो, नाहीं तर ऊसतोडीसाठीं पश्चिमेकडे निघालेल्या बैलगाड्यांची रांग. त्याच जिल्ह्यांतील केज तालुक्यांत, दरडवाडी या खेड्यांत, वामन केंद्रे यांचा जन्म १९५७ सालीं झाला. पुढें दिग्दर्शक व नाटककार म्हणून त्यांचें नांव देशभर झालें. परंतु येथें विचार करावयाचा आहे तो त्यांच्या उमेदवारीचा.

त्यांचे वडील भारुड करीत. शहरांतील श्रोत्यांना भारुड बहुधा पुस्तकांतून ठाऊक असतें. रात्रीं देवळापुढें तें उभें राहतें तेव्हां त्याचा प्रकार निराळा असतो. पडदा नाहीं, नेपथ्य नाहीं. खांद्यावरचें घोंगडें डोक्यावर ओढलें कीं एका माणसाचा दुसरा माणूस होतो. तो जोशी होऊन भविष्य सांगतो, वेडी होऊन शहाण्यांना हंसतो आणि हंसतां हंसतां ऐकणाऱ्याला परमार्थापाशीं आणून सोडतो. सोळाव्या शतकांत पैठणच्या नाथमहाराजांनीं रचलेल्या भारुडांचें हें बळ. समोरच्याचें लक्ष धरून ठेवण्याची विद्या नटाला प्रथम लागते. ती येथें घरींच मिळते. मात्र तिचें प्रमाणपत्र कोणी देत नाहीं, आणि शहरांतील नाटकगृहांत तिला फार दिवस अडाण्यांची करमणूक यापलीकडे मान नव्हता.

केंद्रे यांनीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, नाट्यशिक्षण घेतलें आणि तेथून ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयांत गेले. १९८२ सालीं तेथील अभ्यासक्रम पुरा झाला. ग्रीक शोकांतिकेपासून ब्रेख्तपर्यंत सारें जग तेथें विद्यार्थ्यापुढें येतें. खेड्यांतून आलेल्या मुलाला अशा ठिकाणीं दोन धोके असतात: आपलें टाकून परक्याची नक्कल करण्याचा, किंवा आपलेंच तेवढें खरें म्हणून कान झांकून बसण्याचा. पुढें त्यांनीं केरळांतील विधिनाट्यांचा अभ्यास केला, ही गोष्ट या दृष्टीनें बोलकी आहे.

खरी कसोटी लागली ती १९८७ सालीं, 'झुलवा' या नाटकाच्या वेळीं. उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवरून चेतन दातार यांनीं लिहिलेलें हें नाटक यल्लमा देवीला वाहिलेल्या जोगतिणींचें आहे. लोकगीतांची फोडणी दिली म्हणजे नाटक मातीचें झालें, असें समजणारे दिग्दर्शक पुष्कळ. येथें गाणें काढून घेतलें तर कथाच उभी राहत नाहीं. ज्या गाण्यांनीं देवी पूजिली जाते त्याच गाण्यांतून, तिच्या नांवानें मुलीचा संसार कसा हिरावला जातो, हें प्रेक्षकाच्या अंगावर येतें.

ज्या विद्यालयांत ते विद्यार्थी म्हणून गेले होते, त्याचे ते २०१३ ते २०१८ या काळांत संचालक होते. नाट्यलेखनासाठीं त्यांनीं भासाच्या 'मध्यमव्यायोगा'चा आधार घेतला. तें नाटक मराठींत 'प्रिया बावरी' व हिंदींत 'मोहे पिया' या नांवांनीं रंगभूमीवर आलें. भासाच्या नाटकांत भीम व घटोत्कच हे बापलेक झुंजतात, पण घटोत्कच बापाला ओळखत नसतो, आणि हिडिंबा शेवटीं थोडा वेळ येते. केंद्रे यांच्या नाटकांत तिची प्रीति आणि तिचा विरह पुढें येतो.