पहिले कलम



 वेतन, रजा, निवृत्तिवेतन यांवर विमानसेवेतील आपल्या या परिषदेत भरपूर बोलले जाईल आणि ते बोललेच पाहिजे. मला त्याआधीचा प्रश्न मांडायचा आहे. कंपनीच्या नावाने उडणारे विमान चालवायचे कोणी?

अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांनी कंपनीशी केलेल्या करारात या प्रश्नाला पहिले स्थान दिले. त्या कलमाला ‘स्कोप’ म्हणतात. कंपनीची उड्डाणे कंपनीच्याच ज्येष्ठता यादीतील वैमानिक करतील, हा त्याचा गाभा. मोठ्या कंपनीच्या नावाने छोटी विमाने उडवणाऱ्या प्रादेशिक कंपन्यांना कंत्राटाने काम द्यायचे झाले, तर विमाने किती, आसने किती, वजन किती, हे तिथे लिहून ठेवलेले असते. डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या तिन्ही कंपन्यांत कमाल मर्यादा ७६ आसनांची आणि ८६ हजार पौंडांची, म्हणजे सुमारे ३९ टनांची आहे. एम्ब्रेअरचे नवे ई१७५-ई२ विमान या वजनात बसत नाही, म्हणून तिथल्या प्रादेशिक कंपन्या जुनेच ई१७५ घेत राहिल्या. करारातल्या एका आकड्यात एवढी ताकद असते.

पण हा आकडा नेहमी एवढा नव्हता. १९७८ साली अमेरिकेत विमानवाहतुकीवरचे सरकारी आर्थिक नियंत्रण उठले आणि कंपन्यांतली स्पर्धा वाढली. नव्वदच्या दशकात ५० आसनी जेट विमाने आली, तेव्हा ती आपली नव्हेत असे मोठ्या विमानांवरच्या अनेक वैमानिकांना वाटले आणि ती प्रादेशिक कंपन्यांकडे गेली. २००१ नंतर कंपन्या दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या, करार पुन्हा लिहिले गेले आणि मर्यादा ५० वरून ७०, मग ७६ वर गेली. कधी सक्तीने, कधी पगार वाचवण्याच्या बदल्यात स्कोपचा बांध कोरला गेला. त्याची किंमत मोजली ती अजून नोकरीला न लागलेल्या वैमानिकांनी. वाटाघाटीच्या टेबलावर त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती.

या व्यवस्थेकडे देशाचे लक्ष गेले ते एका अपघाताने. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेतील बफेलोजवळ एक विमान पडले. तिकिटावर नाव कॉन्टिनेंटल या मोठ्या कंपनीचे, विमान चालवत होती कोल्गन एअर ही प्रादेशिक कंपनी. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. चौकशीत अपघाताचे कारण धोक्याच्या इशाऱ्याला कॅप्टनने दिलेल्या चुकीच्या प्रतिसादात सापडले. पण त्याच चौकशीत देशाला हेही कळले, की सहवैमानिक वर्षाला सुमारे १६ हजार डॉलरांवर काम करत होती आणि कामावर हजर होण्यासाठी रात्रभर प्रवास करून सिॲटलहून आली होती. मृतांच्या कुटुंबीयांनी लढून २०१० चा कायदा करून घेतला. त्यातून विश्रांतीचे नवे नियम आले, सहवैमानिकासाठी अनुभवाची अट वाढली आणि विमान प्रत्यक्षात कोण चालवणार हे तिकीट विकतानाच सांगणे कायद्यानेच सक्तीचे झाले. विमान कोण चालवते हे प्रवाशाला कळलेच पाहिजे, हे तत्त्व पन्नास जिवांनंतर कायद्यात उतरले.

प्रादेशिक वैमानिकांची बाजूही आपण ऐकली पाहिजे. २००१ मध्ये कोमएअर या प्रादेशिक कंपनीचे वैमानिक ८९ दिवस संपावर होते. त्याच वर्षी त्यांच्यापैकी काहींनी स्वतःच्याच वैमानिक संघटनेला न्यायालयात खेचले. स्कोपची भिंत आमच्या वाढीवर उभी आहे, ही त्यांची तक्रार होती आणि तिच्यात तथ्य होते. कामाला कुंपण घालून माणसे बाहेर ठेवणारी संघटना अर्धेच काम करते. २०१२ च्या डेल्टा कराराने थोडी वेगळी दिशा दाखवली. प्रादेशिक कंपन्यांकडची ७६ आसनी विमाने वाढवायची, तर मुख्य कंपनीच्या ताफ्यात बोइंग ७१७ विमाने आली पाहिजेत, अशी सांगड तिथे घातली गेली.

आपल्याकडेही मुंबई–इस्तंबूल मार्गावर इंडिगोच्या नावाने टर्किश एअरलाइन्सची भाड्याने घेतलेली बोइंग ७७७ विमाने परदेशी वैमानिकांसह उडाली आहेत. अशा भाड्याला मुदत घालतो तो नियामक. वैमानिकांच्या करारानेही ती घालावी, असे माझे मत आहे.

म्हणून या परिषदेने ठराव करावा, की कामाच्या मालकीचे हे ‘स्कोप’ कलम आपल्या मागणीपत्रात पहिले असेल. भाड्याच्या विमानांना संख्येची आणि मुदतीची मर्यादा असेल. कंत्राटी वैमानिकाला मुख्य यादीत येण्याची लेखी वाट असेल. आणि पगारवाढीच्या मोबदल्यात यातले काहीही सोडले जाणार नाही. आज उड्डाणशाळेत शिकणाऱ्या मुलामुलींना मत देता येत नाही. त्यांचे मत आपण द्यायचे आहे.