विद्यार्थ्याचा पहिला डीएसएलआर कॅमेरा

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आधी एका तिरप्या आरशावर पडतो आणि तेथून वर वळून व्ह्यूफाइंडरमध्ये पोहोचतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि तोच प्रकाश सेन्सरवर पडतो. म्हणजे लेन्सला जे दिसते तेच डोळ्यालाही दिसते. सर्वसामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात हा कॅमेरा आला २००३ साली. त्या वर्षी कॅननचा ईओएस ३००डी बाजारात आला. हजार डॉलरच्या आत मिळणारा तो पहिला डीएसएलआर. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी फुल फ्रेम मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांच्या मालिका सुरू केल्या आणि त्यांचा भर तिकडे गेला. अनेक व्यावसायिक छायाचित्रकारही तिकडे वळले. त्यामुळे चांगल्या स्थितीतले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स आता सेकंड हॅण्ड बाजारात मिळतात. बेताच्या पैशांत शिकणाऱ्याला ही मोठी सोय आहे.

विद्यार्थ्याला शिकायचे असतात ते मुख्यतः तीन निर्णय. लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडायचे. शटर किती वेळ उघडे ठेवायचे. आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, किती ठेवायची. हे तिन्ही स्वतः ठरवण्यासाठी लागणारा मॅन्युअल मोड अगदी स्वस्त डीएसएलआरमध्येही असतो. फरक पडतो तो हाताच्या सोयीत. निकॉन डी३५०० किंवा कॅनन १५००डी यांसारख्या प्राथमिक कॅमेऱ्यांत डायल एकच असते. तिच्याने शटर स्पीड बदलतो. अ‍ॅपर्चर बदलायचे तर दुसरे बटण दाबून धरावे लागते. निकॉन डी७२०० किंवा कॅनन ८०डी यांना दोन डायल आहेत, त्यामुळे डोळा न हलवता दोन्ही गोष्टी बदलता येतात. व्ह्यूफाइंडरचेही तसेच. प्राथमिक कॅमेऱ्यांत चौकटीचा सुमारे ९५ टक्के भाग दिसतो, वरच्या वर्गातील या दोन कॅमेऱ्यांत जवळपास पूर्ण चौकट दिसते. कडेला डोकावणारी तार किंवा खांब फोटो काढण्यापूर्वीच टिपण्याची सवय लागायला ही पूर्ण चौकट फार उपयोगी पडते. म्हणून कोऱ्या प्राथमिक कॅमेऱ्याइतक्याच किमतीत वरच्या वर्गातला जुना कॅमेरा चांगल्या स्थितीत मिळत असेल, तर विद्यार्थ्याने त्याचा अवश्य विचार करावा.

सेन्सरच्या बाबतीत सुरुवातीला एपीएस-सी आकार पुरेसा आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी त्याहून लहान असल्यामुळे दृश्याचा मधला भागच टिपतो. निकॉनमध्ये हा फरक दीडपट, तर कॅननमध्ये १.६ पट धरतात. त्यामुळे ३५ मिलिमीटरची लेन्स अशा कॅमेऱ्यावर साधारण ५० मिलिमीटरच्या लेन्सइतके दृश्य दाखवते. मेगापिक्सेलच्या आकड्याने भुलून जाण्याचे कारण नाही. २४ मेगापिक्सेलचे चित्र ६००० बाय ४००० बिंदूंचे असते. इंचाला ३०० बिंदू धरून छापले तरी त्याची रुंदी २० इंच भरते. वर्गातल्या कामाला आणि प्रदर्शनाला एवढे भरपूर झाले. रॉ फाइलची सोय मात्र हवीच. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या नोंदल्या जातात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. म्हणून एक्स्पोजर थोडे चुकले तरी रॉमधून दुरुस्तीला वाव राहतो.

खरा पैसा लेन्सवर घालावा. बॉडी काही वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स अनेक बॉडींवर चालते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स सुरुवातीला कामाची असते, पण ५५ मिलिमीटरला तिचे छिद्र एफ ५.६ पलीकडे उघडत नाही. एफ १.८ ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स त्याच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते. खोलीतल्या खिडकीच्या उजेडात माणसाचा चेहरा टिपायचा, मागचे दृश्य धूसर करायचे, हे अशा लेन्सवरच नीट शिकता येते. ३५ किंवा ५० मिलिमीटरची अशी एक प्राइम पहिल्याच खरेदीत बसवावी.

लेन्स घेताना ती बॉडीशी जुळते का हे तपासावे. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यामुळे एएफ ५० मिलिमीटर एफ १.८डी ही लेन्स त्यांवर आपोआप फोकस करत नाही. एएफ-एस प्रकारची घ्यावी लागते. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. स्टुडिओत काम करायचे असेल तर वरचा हॉट शू, म्हणजे फ्लॅश बसवण्याची खाच, हीही पाहावी. कॅनन २००डी मार्क २ मध्ये हॉट शूचा मधला संपर्कबिंदू नाही, त्यामुळे स्टुडिओ फ्लॅशचे सर्वसाधारण ट्रिगर त्यावर चालत नाहीत.

जुना कॅमेरा पारखण्याच्या काही ठरलेल्या रीती आहेत. शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडले, ते विचारावे; डी३५०० चे शटर एक लाख वेळांसाठी तपासलेले आहे, त्यावरून अंदाज बांधता येतो. लेन्स एफ १६ वर ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढावा. सेन्सरवर धूळ असेल तर चित्रात काळपट ठिपके दिसतात. लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून आत बुरशीचे धागे आहेत का ते पाहावे. बिल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बुरशीचा मुद्दा मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी विशेष महत्त्वाचा. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत महिनाभर पडून राहिलेली लेन्स बुरशीने खराब होऊ शकते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा ठेवावा आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात किंवा तापवून कोरड्या कराव्यात. डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे. त्यासाठी लहानसा आर्द्रतामापक पुरतो. कॅमेरा नियमित वापरात ठेवणे हाही एक चांगला उपाय.

खरेदीचा हिशेब मांडताना एकूण रकमेपैकी निम्म्याच्या आसपास बॉडीला द्यावी. उरलेल्या रकमेत प्राइम लेन्स, जादा बॅटरी, दोन मेमरी कार्डे, भक्कम ट्रायपॉड आणि तो कोरडा डबा बसवावा. दुकानात कॅमेरा हातात घेऊन, डोळ्याला लावून, डायल स्वतः फिरवून पाहावी. बोटे ज्या बॉडीवर सहज फिरतात आणि जिच्या लेन्स पुढेही परवडतील, ती बॉडी विद्यार्थ्याने निवडावी.