ऑपरेशननंतरची साखर
(टोकियोतील बैठकीत केलेले भाषण)



तीन वर्षांपूर्वी कर्करोगामुळे माझ्या मोठ्या आतड्याचा डावा भाग काढला. इथे चाळिशीनंतर दरवर्षी दोन दिवसांचे शौचाचे नमुने तपासतात, त्यात तो सापडला. लाजून रिकामी डबी परत करणाऱ्यांनी हे ऐकावे!

रुग्णालयात ओकायू, म्हणजे आपली पेजच; घरी पुण्याहून आलेल्या आईचा मऊ भात आणि शिरा. वजन भरले, सगळे खूश. तपासणीला गेलो की सीटी स्कॅन व्हायचे. साखरेचे डॉक्टरांनी विचारले नाही, मीही नाही. दीड वर्षाने कंपनीच्या तपासणीत एचबीए१सी ७.१ निघाले.

दोष एकट्या शिऱ्याचा नाही. इन्सुलिनला चालना देणारे जीएलपी-१ हे संप्रेरक मोठ्या आतड्यातही तयार होते. डेन्मार्कमधल्या २०१८ च्या अभ्यासात डावा भाग काढलेल्यांत मधुमेहाचे प्रमाण जास्त दिसले. नेमके कारण सिद्ध झालेले नाही.

त्यात आपण भारतीय. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

म्हणून इथल्या 'मेताबो' तपासणीत बायकांच्या कमरेला ९० सेंटिमीटरची सूट असली तरी भगिनींनी आपल्याकडची ८० चीच मर्यादा धरावी. आणि ज्यांचे ऑपरेशन झाले आहे त्यांनी पुढच्या भेटीत एचबीए१सी स्वतःहून मागून घ्यावे. मी आता जेवणानंतर अराकावाच्या काठाने अर्धा तास चालतो. शिरा आईच्या वाढदिवसालाच.