गिर्यारोहण मोहिमेतले नेतृत्व

मे १९९३ मध्ये भारत-नेपाळ महिला मोहिमेतून १८ जण एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. त्यांत सात महिला होत्या. एका मोहिमेतून इतक्या महिला शिखरावर जाण्याची ती पहिलीच वेळ. संतोष यादव यांनी त्या वेळी सलग दुसऱ्या वर्षी एव्हरेस्ट सर केले आणि दोनदा ते करणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या महिला ठरल्या. डिकी डोल्मा तर अवघी १९ वर्षांची होती. या सात जणींच्या यादीत मोहिमेच्या नेत्या बचेंद्री पाल यांचे नाव मात्र नाही.

नेतृत्वावरच्या व्याख्यानांत शिखराचे चित्र हमखास असते आणि त्यावर झेंडा घेतलेली एकच व्यक्ती उभी असते. मोहीम चालवणारी व्यक्ती बहुधा त्या चित्रात नसते. तळछावणीच्या वर एकामागून एक छावण्या उभ्या करायच्या, प्रत्येक छावणीत तंबू, इंधन, अन्न आणि ऑक्सिजनच्या नळकांड्या वेळेवर पोहोचवायच्या, हवामानाचा अंदाज घेऊन कोणत्या तुकडीने कोणत्या दिवशी निघायचे ते ठरवायचे, ही नेत्याची कामे. यातले सर्वांत अवघड काम म्हणजे कोण वर जाणार नाही हे सांगणे. दोन-तीन वर्षे तयारी केलेल्या सदस्याला ‘या वेळी तू खाली थांब’ असे सांगूनही त्याला कामाला लावता आले पाहिजे. स्नेहसंमेलनात पडद्याची दोरी धरणाऱ्याला नाटक समोरून दिसत नाही, तरी दोरी वेळेवर ओढावीच लागते. तशीच ही जबाबदारी.

बचेंद्री पाल यांना हे शिक्षण १९८४ मध्ये मिळाले. कर्नल डी. के. खुल्लर यांच्या नेतृत्वाखालील त्या वर्षीच्या एव्हरेस्ट मोहिमेत १५-१६ मेच्या रात्री शेजारच्या ल्होत्से शिखराच्या उतारावरील तिसऱ्या छावणीवर, सुमारे २४ हजार फुटांवर, हिमप्रपात कोसळला. तंबू गाडला गेला. बर्फात अडकलेल्या बचेंद्रींना सहकारी लोपसांग यांनी चाकूने तंबू कापून आणि बर्फ उकरून बाहेर काढले. बरेच जण जखमी होऊन खाली गेले. भीती वाटली का, असे खुल्लर यांनी विचारले तेव्हा बचेंद्रींनी ‘हो’ म्हटले. परत जायचे का, यावर त्यांचे उत्तर ‘नाही’ होते. भीती कबूल करणाऱ्या सदस्यावर नेत्याला भरवसा ठेवता येतो. शूरपणाचे सोंग आणणारा उंचावर अधिक धोक्याचा.

पुढची घटना २२ मेची. बचेंद्री शिखराखालच्या साउथ कोल या खिंडीतल्या छावणीत पोहोचल्या होत्या, पण ओझी घेऊन ऑक्सिजनशिवाय येणारे तीन साथीदार बरेच मागे होते. दुसऱ्या दिवशी शिखराची चढाई. अशा वेळी बहुतेक गिर्यारोहक शक्ती राखून ठेवतात. बचेंद्रींनी एका थर्मासमध्ये चहा आणि दुसऱ्यात सरबत भरले आणि बर्फाळ वाऱ्यात त्या साथीदारांकडे खाली उतरल्या. हा धोका कशाला पत्करला, असे एकाने विचारलेही. आपणही इतरांसारख्याच गिर्यारोहक आहोत, अंगात बळ असताना मदत का करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. २३ मे रोजी दुपारी एक वाजून सात मिनिटांनी, ऑक्सिजनशिवाय चढणारे शेर्पा आंग दोरजी यांच्यासोबत त्या शिखरावर पोहोचल्या आणि एव्हरेस्ट सर करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पुस्तकांत ही वेळ छापली जाते. नऊ वर्षांनी त्यांच्या हाती मोहीम का सोपवावी, हे मात्र आदल्या दिवसाच्या त्या दोन थर्मासवरून अधिक कळते.

उंचावरच्या निर्णयांमागे शरीरशास्त्र आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश असतो. ८ हजार मीटरच्या वर मेंदूला प्राणवायू कमी पडतो, विचार मंदावतो, आणि तो मंदावला आहे हेही त्या माणसाला उमगत नाही. म्हणून मागे फिरण्याची वेळ खाली, डोके ताळ्यावर असताना ठरवावी लागते. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर दुपारी दोनची मर्यादा धरलेली असतानाही काही जण साडेतीन-चारनंतर शिखरावर पोहोचले. त्याच दिवशी आलेल्या वादळात डोंगराच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ जण गेले. रॉब हॉल आणि स्कॉट फिशर हे दोन अनुभवी नेते त्यांत होते. याउलट उदाहरण मराठवाड्याच्या मनीषा वाघमारे यांचे. २०१७ मध्ये शिखर जेमतेम १७० मीटरवर असताना खराब हवामानामुळे त्या परत फिरल्या. २०१८ च्या मे महिन्यात त्या पुन्हा गेल्या आणि शिखर गाठून आल्या. पहिल्या वर्षीचा निर्णय दुसऱ्या वर्षीच्या यशापेक्षा कमी मोलाचा नाही, उलट अधिकच.

असे अनुभव घ्यायला विदर्भात हिमालय नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर उंच, आणि उन्हाळा ४५ अंशांचा. तरीही २०१८ च्या ‘मिशन शौर्य’ या मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. मनीषा धुर्वे ही त्यांतली मुलगी. पन्नाशी ओलांडलेल्या महिलांच्या २०२२ च्या हिमालय पदयात्रेत नागपूरच्या विमला देवस्कर होत्या. अरुणाचलातील पांगसाऊ खिंडीपासून कारगिल भागापर्यंत जवळपास पाच महिने चाललेल्या त्या पदयात्रेचे नेतृत्व ६७ वर्षांच्या बचेंद्री पाल यांनीच केले. अशा लांब वाटेवर शिखराचा एकच मोठा दिवस नसतो. रोजचा तळ, रोजचे जेवण, कुणाचा गुडघा, कुणाचा रुसवा, हेच तिथले व्यवस्थापन. कार्यालय, शाळा किंवा ग्रामपंचायत चालवणाऱ्याला एव्हरेस्टपेक्षा ही पदयात्राच जवळची वाटेल.

गिर्यारोहणाचे हे शिक्षण मिळण्याची सोय आहे. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून चालते. पायाभूत अभ्यासक्रम साधारण चार आठवड्यांचा. त्यात दोरीवर एकमेकांना सांभाळणे शिकवतात आणि पाठीवरचे ओझे ज्याचे त्यानेच वाहायचे असते. त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली तरच पुढच्या अभ्यासक्रमाचे दार उघडते. एनसीसीच्या छात्रांनाही या संस्थांत पाठवले जाते. तेव्हा ज्या विद्यार्थिनींना जावेसे वाटते त्यांनी आपल्या महाविद्यालयातील एनसीसी अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी.