आधी यंत्र की आधी दाणे?

पिंपरी-चिंचवडमध्ये घरी एस्प्रेसो करायचा बेत ठरला की पहिली चर्चा यंत्राची होते आणि नजर जाते ती खोक्यावर छापलेल्या 15 बारवर. प्रत्यक्षात कॉफीच्या थरावर 9 बारच्या आसपास दाब पुरतो. पंपाचा उरलेला जोर चवीत भर घालत नाही. चव ठरते दाण्यांवर आणि दळण्यावर. चाकणच्या कारखान्यांत मायक्रॉनने मापं घेणाऱ्यांना हे लगेच पटेल: पुडीत जाड-बारीक कण मिसळले, की बारीक कणांतून कडवटपणा उतरतो आणि जाड कणांचा अर्क आंबटसर, अर्धवट राहतो. म्हणून पैसे मोजकेच असतील, तर आधी चांगला ग्राइंडर घ्यावा. पात्याचा मिक्सर इथे कामाचा नाही.

मग तयार पूड सोयीची नाही का? आहेच, आणि फिल्टर कॉफीला ती चालतेही. पण दळल्यावर सुगंध झपाट्याने उडतो. शिवाय चिकोरी मिसळलेली पूड एस्प्रेसोला नकोच. पाकिटावर दाणे भाजल्याची तारीख पाहावी. आठवडा उलटलेले, पण महिन्याच्या आतले दाणे उत्तम. दूध घालणाऱ्यांनी चिकमगळूरच्या अरेबिकात थोडा चांगला रोबस्टा असला तर बिचकू नये, दुधातही त्याची चव टिकते. 18 ग्रॅम पुडीतून 25 ते 30 सेकंदांत साधारण 36 ग्रॅम कॉफी उतरावी. लवकर उतरली, तर दळण आणखी बारीक करावं. राहता राहिलं पाणी. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं क्षारयुक्त पाणी येत असेल, तर ते यंत्रात तसंच ओतू नये, आत क्षारांचा थर साचतो.