शब्दांनी मोकळी ठेवलेली जागा



रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. तिच्यातला जिम हॉकिन्स खजिना शोधायला घर सोडतो, तो प्रसंग आठवतो? बहुधा नाही आठवणार, कारण लेखकाने तो थोडक्यात उरकला आहे. जिम आईचा निरोप घेतो आणि वाटेला लागतो. आईचं काय झालं, तिचा चेहरा कसा होता, याबद्दल तिथे काहीच लिहिलेलं नाही.

१९११ साली न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स प्रकाशनाने या कादंबरीची सचित्र आवृत्ती काढली. चित्रकार होता एन. सी. वायथ. चित्रासाठी त्याने निवडला तो नेमका हा निरोपाचा प्रसंग. जिम हातात गाठोडं घेऊन आपल्याच दिशेने चालत येतोय. मागे, उन्हाने उजळलेल्या भिंतीपाशी, आई ॲप्रनमध्ये तोंड लपवून रडते आहे. पोराने मागे वळून पाहिलेलं नाही. वाचकाला मात्र ती दिसते. पुढे समुद्रावर कितीही चाचे आले, तरी ती बाई मनातून जात नाही.

आज वायथबद्दल बोलायचं आहे ते यासाठी. लेखकाने जे रंगवून सांगितलं, ते पुन्हा रंगवण्यात त्याला फारसा रस नव्हता. शब्द जिथून घाईने पुढे गेले, तिथे तो थांबत असे. कथाचित्रकाराचं खरं काम हेच, असं मला वाटतं.

वायथचा जन्म १८८२चा, मॅसॅच्युसेट्समधल्या नीडहॅम गावचा. शेतावर वाढलेला, दणकट अंगाचा माणूस. १९०२ साली तो डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनला हॉवर्ड पाइल यांच्याकडे शिकायला गेला. पाइल हे त्या काळचे फार मोठे कथाचित्रकार, आणि गुरू म्हणून त्याहूनही मोठे. प्रसंग बाहेरून बघू नका, त्यात शिरून जगा, ही त्यांची शिकवण. पुढच्याच वर्षी ‘सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट’च्या मुखपृष्ठावर वायथचं चित्र झळकलं. उधळलेला घोडा आणि त्याच्यावर मांड ठोकून बसलेला काउबॉय. तेव्हा तो जेमतेम विशीचा होता आणि पश्चिमेकडची कुरणं त्याने पाहिलेलीही नव्हती! १९०४मध्ये तो तिकडे गेला, कोलोरॅडोत गुरं वळली. पुढे जवळचे पैसे चोरीला गेले, तेव्हा पोट भरण्यासाठी घोड्यावरून टपाल पोचवलं.

ती अंगमेहनत त्याच्या चित्रांत उतरली आहे. ‘ट्रेझर आयलंड’मधलाच आंधळा चाचा प्यू पाहा. साथीदार त्याला टाकून पळालेत. चांदण्या रात्री, रिकाम्या रस्त्यावर तो काठी पुढे करून चाचपडतोय, अंगावरचा झगा वाऱ्याने फुगलाय. चेहऱ्यापेक्षा त्याचे हात आणि पुढे झुकलेली पाठच जास्त बोलतात. हा माणूस दुष्ट आहे हे आपल्याला ठाऊक असतं, तरी त्या क्षणी त्याची कीव येते.

मूळ चित्रं तैलरंगातली, जवळजवळ चार फूट उंचीच्या कॅनव्हासवरची. छापताना ती वीतभर पानावर यायची. एवढी लहान होऊनही ती भव्य वाटतात, कारण त्याने आकृती मोठ्या ठेवल्या आणि उजेड-अंधाराची विभागणी ठळक केली. बारकाव्यांच्या गर्दीत तो शिरलाच नाही.

या पुस्तकाच्या मानधनातून त्याने पेनसिल्व्हेनियातल्या चॅड्स फोर्डला अठरा एकर जमीन घेतली आणि घर, स्टुडिओ बांधला. पुढे ‘रॉबिन हूड’ आलं, ‘रॉबिन्सन क्रूसो’ आलं. १९४५मध्ये रेल्वे फाटकावरच्या अपघातात तो गेला. त्याचा मुलगा अँड्र्यू वायथ जगप्रसिद्ध चित्रकार झाला.

वायथला स्वतःला मात्र पुस्तकांसाठी चित्रं काढणं कमी प्रतीचं वाटू लागलं होतं. आपण ‘खरा’ चित्रकार व्हायला हवं, ही तळमळ त्याला शेवटपर्यंत छळत राहिली. याचं मला मनापासून वाईट वाटतं. जिमच्या आईचं ते चित्र ज्याने काढलं, त्याला आणखी कसली पावती हवी होती?

वायथच्या चित्रांची ‘ट्रेझर आयलंड’ आजही मिळते. हाती आली तर आधी प्रकरण वाचा, मग चित्राचं पान उलटा. आणि त्या चित्रात असं काय काय आहे जे तुम्ही आत्ताच वाचलेल्या मजकुरात नव्हतं, ते शोधा.