काटा आधी मोडा

डॉक्टर मंडळी, माझ्या सिस्टर्स आणि ब्रदर्स, आणि मागच्या रांगेत अंग चोरून बसलेल्या मावशी आणि मामा,

अध्यक्षाने आधी आभार मानायचे असतात. ते मानले असं समजा. मला आज एका वहीबद्दल बोलायचं आहे.

सकाळी मेट्रोतून उतरले आणि मुद्दाम वर्सोवा बंदराकडून आले. एक कोळीण शिंगाळा साफ करत होती. सुरी लावण्याआधी तिने त्याचे तिन्ही काटे मोडले. काटा लागला की हात रात्रभर ठणकतो, एवढं सांगून ती पुढच्या माशाकडे वळली. तिला कुणी परिपत्रक पाठवलेलं नव्हतं.

आपल्याकडे परिपत्रकांना तोटा नाही. २०१६चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सांगतात: सुई पांढऱ्या, टणक डब्यात टाका, कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्या, वर्षातून एकदा तपासणी करा, सुई टोचली तर नोंद करा. तरी इंजेक्शन देऊन झालं की आपला हात सुईच्या टोपणाकडे जातोच.

माझाही गेला होता. नोकरीचं पहिलं वर्ष, रात्रपाळी, पहाटेचे तीन. सुई डाव्या तर्जनीत घुसली. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "साबणाने धू आणि गप्प बस, मेमो मिळेल." बाई वाईट नव्हत्या, मेमो खरंच मिळाला असता. तो पेशंट कोण, त्याला काय होतं, मला आजही ठाऊक नाही. सुईतून लागणारे आजार पेल्यातून पसरत नाहीत असं परीक्षेत लिहून पास झालेली मी, सहा महिने घरात माझा पेला वेगळा ठेवत होते.

लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीच्या रक्ताची सुई टोचली तर शंभरात तीसपर्यंत लागण होऊ शकते. सीची त्याहून बरीच कमी, एचआयव्हीची सुमारे ०.३. बीवर लस आहे. एचआयव्हीसाठी २८ दिवसांची औषधं आहेत. ती दोन तासांत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांच्या आत तर हवीतच. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने धोक्याच्या ठिकाणी ती देण्याचं बंधन संस्थेवर घातलं आहे. सुई टोचल्या क्षणी घड्याळ सुरू होतं, आणि आपण मेमोच्या धास्तीने तास घालवतो.

कायद्याचंच म्हणाल तर, मुंबईच्या प्लेगमुळे साथरोग कायदा झाला तो ४ फेब्रुवारी १८९७ला. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. सद्हेतूने काम करणाऱ्यावर खटला भरता येणार नाही, असं त्या कायद्यात होतं. शुश्रूषा करणाऱ्याच्या जिवाचं काय, यावर ओळ नव्हती. २०२०च्या दुरुस्तीने आपल्याला गंभीर इजा करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद ठेवली. स्वागत आहे. पण शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात कर्मचाऱ्यांनाच क्षय झाला, काही जण दगावले, तेव्हा त्यांच्यावर कुणी हात उगारला नव्हता. तिथे प्रश्न हवेचा होता. आपल्या एसीच्या बंद खोल्यांतही तोच आहे. त्यावर दुपारच्या सत्रात बोलणं होईलच.

मी वहीकडे येते. मध्यंतरी उपनगरातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये सुई टोचल्याच्या नोंदींची वही पाहिली. वर्षभरात एकही नोंद नाही. मालक कौतुकाने पानं उलटून दाखवत होते. वीस खाटा, दिवसरात्र इंजेक्शनं, आणि कुणालाच सुई लागली नाही? मला ती कोरी पानं बघून धडकी भरली. बाहेर मावशी काळ्या पिशवीला गाठ मारत होत्या. लस घेतली का विचारलं, तर म्हणाल्या, "आम्ही ठेकेदाराच्या, ताई." सुई वापरतो आपण, आणि चादर झटकताना टोचते त्यांना. नियम कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. त्यात ठेकेदाराची माणसं वगळलेली नाहीत.

डॉक्टर मंडळी, सुई टोचल्याचं सांगणाऱ्याला मेमो मिळणार नाही, एवढी एक ओळ स्वतःच्या सहीने नोटीस बोर्डावर लावा. आणि सिस्टर्स, सोमवारी ड्यूटीवर गेलात की ती वही कपाटातून बाहेर काढा. शेवटच्या पानावर पहिलं नाव मावशींचं लिहा, आणि त्यापुढे लसीच्या तीन डोसांच्या तारखा.